वाड्यावरची सोळा मुले आणि एका दिवसाची सहल

प्रश्न: मी डिचोली तालुक्यातील एका गावात राहते. गेले वर्षभर दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात वाड्यावरची मुले जमवून मी त्यांना गोष्टी वाचून दाखवते. मुले सोळा आहेत, वये सात ते तेरा. त्यांतील पाच जण परराज्यांतून कामासाठी येऊन भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांतील आहेत. दोन महिन्यांपूर्वी मिनीबस ठरवून मी सर्वांना एका दिवसाच्या सहलीला नेले. जुने गोवे, मिरामारचे विज्ञान केंद्र, आग्वादचा किल्ला आणि शेवटी समुद्रकिनारा असे चार टप्पे केले. तीन मुलांना गाडी लागली, किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडला, आणि पुढच्या शनिवारी ‘काय आवडले?’ असे विचारल्यावर बहुतेकांनी आइस्क्रीमचे नाव घेतले. खर्च बराचसा माझ्याच अंगावर पडला. काही पालक म्हणतात की शाळा सहली काढतेच, मग तुम्ही हा खटाटोप कशाला करता? एका आईने तर ‘आपल्या मुलांपुरते करा, खोल्यांतल्यांना कशाला नेता?’ असेही सुचवले. मला मुलांना न्यायचे आहे, पण कसे आणि कुठे न्यावे ते कळेनासे झाले आहे.

— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर:

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचताना मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्या आइस्क्रीमविषयीचे वाक्य, आणि आपण ज्या खेदाने ते लिहिले आहे तो खेद मनातून काढून टाकावा असे मला प्रथम सांगायचे आहे. त्या संपूर्ण दिवसात आइस्क्रीम ही एकच गोष्ट अशी होती, जी प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या हातात आली आणि जिच्यासाठी त्याला हवा तेवढा वेळ मिळाला. बाकी सारे त्याने रांगेत उभे राहून, कुणाच्या तरी खांद्यावरून, ‘चला, चला’ ऐकत पाहिले. मुलांनी आपल्याला खरे तेच उत्तर दिले आहे. ज्या वस्तूला हात लागतो आणि जिच्यापाशी थांबता येते ती लक्षात राहते. पुढच्या सहली याच पायावर उभ्या कराव्यात, म्हणजे एका दिवशी एकच जागा घ्यावी आणि त्या जागेसाठी मुलांच्या मनात घरून निघतानाच एक प्रश्न असावा.

शिक्षिका म्हणून मी अनेक वर्षे मुलांना फिरवले आहे आणि सुरुवातीला मीही आपल्यासारखेच चार-पाच टप्पे करीत असे. गाडीचे भाडे दिलेच आहे तर आणखी एक ठिकाण उरकून घेऊ, हा विचार मोठ्यांच्या हिशेबाचा आहे. मुलाला नव्या जागेत स्थिरावायला, घाबरणे संपायला, खोड्या करून घ्यायला आणि मग खऱ्या अर्थाने बघायला लागायला निदान तासभर लागतो, आणि नेमक्या त्या वेळी आपण त्याला पुन्हा गाडीत बसवतो.

कुठे न्यावे याचा विचार डिचोलीहून सुरू केला तर माझी पहिली पसंती चोडण बेटाला आहे. मये गावाकडून पुलावरून तेथे रस्त्याने जाता येते, म्हणजे प्रवास लहान आहे आणि गाडी लागणाऱ्या मुलांचे हाल होणार नाहीत. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. ते जेमतेम १७८ हेक्टरांचे, जवळजवळ सर्व खारफुटीचे, आणि त्याला लागूनच रायबंदरला जाणाऱ्या फेरीबोटीचा धक्का आहे. मात्र तेथे केवळ ‘पक्षी पाहायला’ जाऊ नये. पक्षी मुलांच्या आवाजाने उडून जातात, मग मोठी माणसे मुलांना गप्प करीत राहतात आणि दिवस रडका होतो. तेथे भरती-ओहोटी पाहायला जावे. पक्षी दिसले तर तो त्या दिवसाचा लाभ समजावा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ते दिसतातच.

ही सहल आदल्या शनिवारी सभामंडपातच सुरू होते. घरोघरी भिंतीवर असते ते कॅलेंडर मुलांना आणायला सांगा आणि आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब त्यांना शिकवा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणून दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती. ओहोटी, किंवा आपल्याकडे म्हणतात ती सुकती, त्याच्या साधारण सहा तास आधी, म्हणजे सकाळी पावणेदहाच्या आसपास. पौर्णिमेला पंधराने गुणून सव्वाअकरा येतात. अमावास्येलाही पंधराच धरायचे, कारण दोन्ही पक्षांत तिथी नव्याने मोजली जाते. हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, पण ज्या मुलाला पाऊणकीचा पाढा कंटाळवाणा वाटतो, त्यालाही त्या पाढ्यातून नदीच्या पाण्याची वेळ निघते हे पाहून नवल वाटते. मुलांनी स्वतः वेळ काढावी, ती फळ्यावर लिहावी, आणि रविवारी घड्याळ घेऊन ती पडताळावी. आठ ते तेरा वयाच्या मुलांना ‘आमचा हिशेब बरोबर आला का?’ या प्रश्नाइतकी उत्कंठा दुसऱ्या कशाने लागत नाही, असा माझा अनुभव आहे. आपणही सहलीचा रविवार याच हिशेबाने निवडा. चतुर्थी ते सप्तमी यांपैकी एखादी तिथी रविवारी येत असेल तर सकाळी सुकती आणि दुपारी भरती अशी दोन्ही रूपे एकाच दिवशी पाहायला मिळतात.

सकाळी सुकतीच्या वेळी खारफुटीच्या कडेला उघडा पडलेला चिखल हेच मुलांचे पहिले पुस्तक आहे. तेथे चिखलावर उड्या मारणारे निवटे दिसतील. मासा असूनही पाण्याबाहेर एवढा वेळ कसा राहतो, हा प्रश्न मुलांनीच विचारावा अशी वाट पाहा आणि तो आल्यावर सांगा की निवटा कल्ल्यांत पाणी धरून ठेवतो व ओल्या त्वचेतूनही श्वास घेतो. एक नांगी भलीमोठी आणि दुसरी इवलीशी असलेले खेकडे दिसतील. मोठी नांगी फक्त नराला असते, हे कळल्यावर मुले नर आणि मादी मोजत बसतात, आणि त्या मोजणीत अर्धा तास सहज जातो. तिवराच्या झाडाखाली चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची श्वसनमुळे शेकड्यांनी दिसतील. मूळ खाली जायचे सोडून वर का आले, याचे उत्तर त्या चिखलाच्या वासातच आहे, कारण तेथे हवा शिरत नाही. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण असतात, ते बोटाने टिपून चाखता येतात. कांदळाच्या झाडावर लोंबणाऱ्या हिरव्या शेंगेसारख्या काड्या दाखवा. ती बी आहे आणि ती आईच्या अंगावरच रुजलेली आहे. एवढे पाहून झाले की मुलांना सावलीत बसवून चित्रे काढू द्या. कुणी फक्त खेकडा काढील, कुणी नुसती मुळे काढील. चित्र सुधारायला जाऊ नका.

दुपारचे जेवण आटोपल्यावर खाजन शेताच्या बांधावर जावे. चोडण ज्या तालुक्यात येते त्या तिसवाडीत जन्मलेल्या माणसाला खाजन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, परंतु डिचोलीच्या डोंगरकुशीत वाढलेल्या आपल्या मुलांनी खाऱ्या पाण्याच्या पातळीखालची शेती पाहिलेली नसण्याची शक्यता आहे. नदीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून बांध, आणि आतले पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून त्या बांधात मानस, म्हणजे पाण्याला वाट देणारे दार. या मानशीच्या लाकडी दाराला माणूस लागत नाही. सुकतीला बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या दाबाने दार बाहेरच्या बाजूला उघडते, आणि भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते आपोआप मिटते. हे आधी सांगू नका. सकाळी अभयारण्याकडे जातानाच मुलांना मानशीपाशी पाच मिनिटे थांबवून पाणी कोणत्या दिशेला वाहते आहे ते वहीत बाणाने काढायला सांगा, दुपारी तीननंतर पुन्हा तेथेच आणा, आणि ‘दार कुणी लावले?’ एवढेच विचारा. सोळा मुलांतून निदान सोळा अंदाज येतील. कुणी म्हणेल की माणूस येऊन लावून गेला, कुणी म्हणेल की आत यंत्र आहे. एखादे मूल पाण्याकडे बोट दाखवील. त्या क्षणासाठी एवढा सारा खटाटोप करावा, असे मला मनापासून वाटते. अशा बांधावर शेतात असलेले एखादे वयस्क शेतकरी भेटले तर त्यांना विनंती करून पाच मिनिटे बोलते करावे. खारेपणा सोसणारा कोरगुट भात आणि मानशीच्या तोंडाशी जाळे लावून धरलेली मासळी यांविषयी ते जे सांगतील, ते आपल्याला किंवा मला कधीही सांगता येणार नाही. बांधावर मात्र मुलांनी एकामागे एक चालावे आणि मानशीच्या कठड्यावर कुणीही बसू नये. तेथील पाणी दिसायला शांत असले तरी दारापाशी ओढ जबरदस्त असते.

येथेच त्या पाच मुलांविषयी लिहिते, कारण तो प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. जी मुले वर्षभर आपल्या सभामंडपात बसून गोष्टी ऐकतात ती सर्व वाड्याची मुले आहेत, आणि सहलीची यादी म्हणजे शनिवारच्या हजेरीचीच यादी, याहून वेगळा नियम आपण कधीही करू नये. त्या मातोश्रींशी वाद घालू नका, पण उत्तर स्पष्ट द्या. यादी ठरलेली आहे, त्यात आपले मूल आहे आणि आम्हांला ते हवे आहे, एवढे बोलणे पुरेसे आहे. एकदा एका मुलाला वगळले की उरलेल्या पंधरांना आपण त्या दिवशी जे शिकवले ते कोणत्याही खारफुटीने पुसले जाणार नाही. आणि व्यवहाराच्या बाजूनेही पाहा. ज्या मुलांचे आजोळ समुद्रापासून दूर, कोरडवाहू मुलखात आहे, त्यांना भरती ही गोष्टच नवीन असते, म्हणून सर्वांत चांगले प्रश्न तीच विचारतात. आपल्या गोव्याच्या मुलांना पाणी चढते-उतरते यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटेनासे झालेले असते.

दगडांची सहल ठरवाल तेव्हा तर या मुलांपैकी एखाद्याचे वडील गवंडीकाम करीत असतील, तर तेच मूल सर्वांचे गुरू होईल. या सहलीचा प्रश्न असा: आपली घरे तांबड्या चिऱ्यांची, मग तांबडी सुर्लाचे महादेवाचे देऊळ काळ्या दगडाचे का? कदंबांच्या काळातील हे देऊळ भगवान महावीर अभयारण्याच्या रानात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे आणि ते बेसाल्ट दगडाचे आहे. घरून निघताना जांभ्याचा, म्हणजे ज्या दगडाचे आपले चिरे असतात त्याचा, एक तुकडा सोबत घ्या. मुलांनी त्यावरची छिद्रे बोटांनी चाचपावीत, त्यावर थेंब थेंब पाणी टाकून ते कसे मुरते ते पाहावे, आणि मग देवळाच्या छतावरील कोरीव कमळ पाहावे. असे नाजूक काम सच्छिद्र जांभ्यात टिकले असते का, हे मग त्यांना सांगावे लागत नाही. ज्याच्या घरात थापी, ओळंबा आणि चिरे यांची बोलणी रोज होतात, तो मुलगा अशा वेळी जे सांगतो ते सगळे कान देऊन ऐकतात.

या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपण ज्या जुन्या गोव्यातून घाईने निघून आलात तेथे आहे, म्हणून तेथे पुन्हा जा, मात्र या वेळी केवळ बॉम जीझस बासिलिकेसाठी. १६०५ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू जांभ्याची आहे, पण दर्शनी भागातील कोरीव कामासाठी वसईहून आणलेला बेसाल्ट वापरला आहे. म्हणजे शैव देऊळ बांधणाऱ्या कारागिरांनी नाजूक कामासाठी जो दगड निवडला, तोच काही शतकांनी चर्च बांधणाऱ्यांनीही निवडला. बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढण्यात आला, आणि तेव्हापासून उघडा जांभा दर पावसाळ्यात पाणी पितो आहे. गिलावा परत करावा की नाही यावर आजही मतभेद आहेत. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हा वाद सांगून त्यांचे मत विचारा. जांभ्यावर मुरणारे थेंब त्यांनी स्वतः पाहिलेले असल्याने ती कारणे देऊन बोलतात. आपल्या मुलांत वेगवेगळ्या धर्मांची मुले असतील तर देऊळ आणि चर्च या दोन्ही ठिकाणी जाण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन सांगून या की आम्ही दगड आणि बांधणी पाहायला जात आहोत, पूजा किंवा प्रार्थना ज्याची त्याची आहे, आणि आत पाऊल टाकताना तेथील रीत पाळली जाईल. असे आधी समोर बसून सांगितले की हरकत घेणारे घर क्वचितच भेटते. चिठ्ठी पाठवली की मात्र शंका वाढतात.

फेब्रुवारीनंतर पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरांवर एक सकाळ काढा. तेथे जाण्यापूर्वी प्रयोग घरीच करायचा आहे. उघड्या समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ताटात उन्हाला ठेवून ते पाणी आटले की तळाशी उरणारे मीठ मुले वाण्याच्या तराजूवर तोलू शकतात. मिठागरात भरतीचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या उथळ वाफ्यात कसे नेतात आणि शेवटच्या वाफ्यात दाणे कसे बसतात, ते पाहताना मुलांना आपले ताट आठवते. सकाळी लवकर जा आणि दहापर्यंत परत निघा, कारण तेथे सावली नसते आणि पांढऱ्या मिठावरून ऊन डोळ्यांत येते.

विज्ञान केंद्र, बोंडलाचे प्राणिसंग्रहालय आणि बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय ही ठिकाणे चांगलीच आहेत, मात्र ती शाळाही दाखवते. बोंडला गुरुवारी आणि नौदलाचे संग्रहालय सोमवारी बंद असते, एवढे लक्षात असावे. ‘शाळा नेतेच की’ म्हणणाऱ्या पालकांना हेच उत्तर द्या. शाळेला शंभर मुले घेऊन पोदेराच्या, म्हणजे पाव भाजणाऱ्याच्या, भट्टीत शिरता येत नाही, आपल्याला सोळा मुलांचे दोन गट करून पहाटे शिरता येते. पीठ फुगते कसे, सरपण पेटवून तापवलेल्या भट्टीत पोई फुग्यासारखी वर कशी येते, हे गावातल्या गावात, एक पैसा न खर्चता पाहता येते. डिचोलीची कुंभारकामाची परंपरा तर आपल्या दारातच आहे. एखाद्या कुंभाराच्या अंगणात प्रत्येक मुलाला मातीचा गोळा मिळाला, तर त्या दिवशी आइस्क्रीमची आठवण निघणार नाही. त्या कारागिराचा अर्धा दिवस जातो याचे भान ठेवून त्याला मोबदला अवश्य द्यावा, आणि तो आधी ठरवून द्यावा. जवळच नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ आहे, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. तेथील शिलालेख मोठ्या मुलांना अक्षर अक्षर लावून वाचायला द्यावा.

पावसाळ्यात धबधबे पूर्णपणे टाळा. हरवळ्याचा धबधबा आपल्याला जवळ आहे, मुले हट्टही धरतील, पण वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने पाणी क्षणात वाढते आणि शेवाळलेल्या खडकावर सोळा मुले सांभाळणे कुणाच्याही आवाक्यातले नाही. त्याऐवजी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात मुलांना माटोळीच्या बाजारात न्या; माटोळी म्हणजे गणपतीवर रानफळे-फुले टांगून बांधतात ती चौकट. आंबाडे, कवंडळ, कांगणी आणि नाव माहीत नसलेली कितीतरी रानफळे तेथे एका जागी मिळतात. प्रत्येक मुलाने एका वस्तूचे नाव, ती कोणत्या रानातून आली आणि तिचा उपयोग काय, हे विकणाऱ्या आजीबाईंना विचारून यावे. चाखायचे मात्र काहीही नाही, कारण कवंडळासारखी काही फळे विषारी असतात, आणि हे मुलांना आधीच बजावून सांगितले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाची आहे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार रानातील गोचिडांमुळे पसरतो आणि काजूच्या हंगामात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मे या काळात, त्याचा धोका अधिक असतो. त्या काळात सत्तरीच्या रानात किंवा काजूबागांत सहल नेऊ नये. रानाच्या कडेने जाणे अपरिहार्य झाले तर अंगभर कपडे असावेत, पाचोळ्यावर कुणी बसू नये, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवावेत. नंतरच्या पंधरवड्यात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे न विसरता सांगावे.

आता माणसे मोजण्याविषयी. माझ्या हातून एकदा चूक झाली आहे, ती आपल्या हातून होऊ नये म्हणून सांगते. फेरीबोटीत चढताना मी मुले मोजली, उतरताना मोजली नाहीत. एक नऊ वर्षांची मुलगी बोटीच्या कठड्यापाशी मासे बघत राहिली आणि त्याच बोटीने परत पलीकडे गेली. बोटीवरच्या माणसांनी तिला पुढच्या फेरीने सुखरूप आणून सोडले, पण त्या वीस मिनिटांत माझ्या मनात जे आले ते मी आजवर विसरले नाही. तेव्हापासून मी मुलांच्या जोड्या करते, एक मोठे आणि एक लहान, आणि प्रत्येकाने केवळ आपल्या जोडीदाराला सांभाळायचे असते. ‘जोड्या’ असा शब्द उच्चारला की जो तो जोडीदाराचा हात धरून उभा राहतो आणि कोण एकटे आहे ते डोळ्यांना लगेच दिसते. चढताना, उतरताना, शौचालयाहून परतल्यावर आणि निघताना, दर वेळी हे करावे. सोळा मुलांमागे आपल्यासह किमान तीन प्रौढ हवेत, त्यांत दोन स्त्रिया असाव्यात, आणि पोहता येणारे एक तरी माणूस पाण्याकाठच्या सहलीत असावे. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ ही तातडीची मदत, हे क्रमांक मुलांना पाठ असावेत. कुणाला दमा आहे, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, हे पालकांकडून लिहून घ्या, आणि त्यांनी दिल्याशिवाय कोणतेही औषध देऊ नका. समुद्रकिनारा एखाद्या सहलीत असलाच तर तो दिवसाउजेडी, जीवरक्षक हजर असताना, आणि पाणी घोट्याच्या वर नको.

गाडी लागणाऱ्या मुलांसाठी नाश्ता हलका, तेलकट काही नको, पुढच्या जागा आणि उघडी खिडकी एवढे बहुधा पुरते. ठरवलेली गाडी पिवळ्या पाटीची, प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेलीच असावी. ओळखीच्या माणसाची खाजगी गाडी स्वस्त पडते, पण भाड्याने नेलेल्या खाजगी गाडीला अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळणे कठीण होऊन बसते. आसने जितकी, तितकीच माणसे.

खर्च यापुढे आपण एकटीने करू नये. आपली ऐपत असली तरी करू नये, कारण एका माणसाच्या पैशावर चाललेले काम त्याच्या दमण्याबरोबर थांबते. एकूण खर्चाचा कागद सभामंडपाच्या फळ्यावर लावा आणि एक बंद पेटी ठेवा, जीत ज्याला जमेल तितके तो घालील आणि कुणी किती घातले हे कुणाला कळणार नाही. सहल झाल्यावर उरलासुरला हिशेबही तेथेच लावा. ज्या घराला पैसे देणे जड आहे ते घर चपात्या किंवा केळी देऊ शकते, एखादे वडील सोबत येऊ शकतात. जेवण घरचेच आणि सर्वांचे एकत्र करून वाढलेले असावे, म्हणजे कुणाच्या डब्यात काय आहे हा प्रश्नच उरत नाही. आणि वर्षाला चार सहली पुष्कळ झाल्या. मधल्या शनिवारी आधीच्या सहलीचे बोलणे चालू राहू द्या.

जवळच्या एखाद्या पंचमीचा रविवार कॅलेंडरात शोधा, एक दिवस आधी एकटीने चोडणला जाऊन मानस कुठे आहे, पाण्याची आणि शौचालयाची सोय कुठे आहे ते पाहून या, आणि मुलांपैकी दार कुणी लावले याविषयी कोण काय म्हणाले ते मला अवश्य कळवा. त्यांचे अंदाज चुकले असले तरी त्यांच्याच शब्दांत लिहावेत.

आपली,
सदरलेखिका